शेरा : नाही पाहिले

वसईजवळच्या निर्मळ गावच्या बाईंना 'अंदाजे' या शब्दाची किळस होती. चीड म्हटलं तर कमी पडेल. आंबलेल्या वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर नाक जसं आक्रसतं, तसं त्यांचं नाक आक्रसायचं आणि तोंडातून 'शी' निघायचं. त्या 'शी'चे प्रकार होते. पावडर टाकून पिकवलेल्या केळ्यांना आखूड 'शी'. चार दिवसांत उभ्या राहिलेल्या इमारतींना लांबलचक 'शी'. आणि एक अगदी हलकी, जवळजवळ श्वासासारखी 'शी' होती. ती मी एकदाच ऐकली. ती माझ्यासाठी होती.

पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारलं होतं, "बाई, इथं वारा अंदाजे किती असतो?"

"अंदाज पंगतीला किती पानं लागतील त्याचा करतात," बाई म्हणाल्या. "तोही चुकतो. तुम्ही वारा मोजायला आलात ना? मग मोजा."

मी मोजायला आलोच नव्हतो. दुसऱ्याने मोजून ठेवलेलं उचलून न्यायला आलो होतो. माझी नोकरीच ती होती.

नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं. विरारला, बोळिंजमध्ये नवा फ्लॅट घेतला होता आणि मुंबईच्या एका सल्लागार कंपनीत चिकटलो होतो. कंपनी सरकारसाठी आराखडे करायची. आमच्या टेबलावरचा आराखडा सगळ्यात भव्य : पुढच्या पंचवीस वर्षांत देशाच्या समुद्रातल्या वाऱ्यावर किती वीज होईल. तेव्हा आपल्या समुद्रात एकही पवनचक्की नव्हती, त्यामुळे भव्य व्हायला कसलीच आडकाठी नव्हती. समुद्रात जाऊन वारा मोजणं परवडत नव्हतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या गावांत वारा मोजायचा आणि त्यावरून समुद्रातला ठरवायचा, असं चाललं होतं. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "विरारला कोण राहतं?" मी शाळेतल्यासारखा हात वर केला. आयुष्यातल्या माझ्या बऱ्याच चुका हात वर करण्यापासून सुरू झाल्या आहेत.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. घरची केळीची आणि फुलांची वाडी. नवऱ्याला सगळं गाव भाऊ म्हणायचं आणि भाऊ बायकोला बाईच म्हणायचे, कारण गावातली निम्मी माणसं तिच्या हातचा मार खाऊन मोठी झाली होती. "मीपण खाल्ला असता," भाऊ सांगायचे, "पण मी आधीच शाळा सोडली होती." दोघं आपसांत त्यांच्या वाडीची बोली बोलायची, मला त्यातलं निम्मं कळायचं. माझ्याकडे वळल्या की बाई धड्यातल्यासारखं मराठी बोलायच्या. आपण पाहुणे आहोत हे त्यातून बरोबर कळायचं.

घराच्या गच्चीवर, माणसाच्या उंचीच्या एका पाइपावर आमच्या कंपनीचं यंत्र बसवलं होतं. चार वाट्या वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या, आणि खाली स्कूटरच्या मीटरसारखे आकडे. गावात त्याला 'बाईंची भिंगरी' म्हणत. कामाची रीत अशी, की सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला गच्चीवर जायचं, आकडा लिहायचा, घड्याळ लावून तीन मिनिटं थांबायचं, पुन्हा आकडा लिहायचा. दोन आकड्यांच्या फरकावरून वारा निघतो.

त्या तीन मिनिटांत बाईंशी बोलायचं नाही. कोणीही. कोणी जिना चढताना दिसलं की बाई मान न वळवता उजव्या हाताचा तळवा वर करायच्या. पोस्टमन थांबायचा. एकदा देवळातले पुजारी प्रसाद घेऊन तीन मिनिटं पायरीवर उभे होते. भाऊ खालून म्हणायचे, "देवसुद्धा एवढा वेळ उभा करत नाही हो!" तळवा हलायचा नाही.

मग आकडे वहीत. निळ्या शाईत आकडे, आणि शेवटच्या रकान्यात, शेरा. ती वही मी महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडायचो, आणि दर वेळी मला हसू फुटायचं. कारण जिथं वाचन राहिलं असेल तिथं बाई रकाना नुसता सोडायच्या नाहीत. लाल शाईत लिहायच्या. 'नाही पाहिले. ताप.' 'नाही पाहिले. भाचीचे लग्न.' 'नाही पाहिले. दूध उतू गेले.' एकदा तर 'नाही पाहिले. विसरले.'

"बाई, विसरले कशाला लिहायचं? आधीचा आणि नंतरचा आकडा बघून मधला घातला असता. कोणाला कळतंय?"

"वारा काय माझी वाट बघत थांबला होता?" बाई म्हणाल्या. "तो आला आणि गेला. मी पाहिला नाही. मग नाही पाहिले असंच लिहायचं. शी! पोरं अशीच गणितं करायची. शेवटचं उत्तर पुस्तकात बघून मधल्या पायऱ्या जुळवायची."

मी शाळेत नेमका असाच पास झालो होतो. ते सांगितलं नाही.

इकडे ऑफिसात आराखडा फुगत होता. वर्षाकाठी दिल्लीत कोणीतरी बदलायचं आणि नवा माणूस म्हणायचा, पंचवीस वर्षं माझ्यापासून मोजा. की आम्ही मुखपृष्ठावरचं साल पुढे ढकलायचो. आतला मजकूर तोच. भिंतीवर समुद्राचा मोठा नकाशा होता, त्यात डहाणूपासून खाली निळाशार पट्टा, आणि त्यावर टाचण्या. एक टाचणी म्हणजे शंभर पवनचक्क्या. साहेब चहा पिता पिता टाचण्या सरकवायचे. "समुद्राचं एक बरं आहे," ते म्हणायचे. "मोकळा आहे. सातबारा नाही, कुळ नाही, कटकट नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते निर्मळला बाईंच्या ओट्यावर जसंच्या तसं ऐकवलं, नकाशाची प्रत पसरून. कळंबची मासळीवाली मेरीमावशी तेव्हा पाटी उतरवून बसली होती. तिने वाकून नकाशा पाहिला.

"यात माझ्या नवऱ्याचे खुंट कुठं हायत?"

कसले खुंट, मी विचारलं. तिने बाईंकडे पाहिलं, हा खरंच शिकलेला आहे ना अशा नजरेने. डोलीचं जाळं बांधायला समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले असतात, कोणाचा कुठं ते ठरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे येतं, हे मला बाईंनी सांगितलं.

"कोनी बघितलं नाय, म्हनून तिथं नुसतं पानीच पानी?" मेरीमावशी म्हणाली. "तुज्या घरात मी आलेली नाय. म्हनून मी पन टाचनी ठोकू काय तिथं?"

भाऊ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाल पेन काढलं आणि माझ्या नकाशाच्या निळ्या पट्ट्यावर ठळक अक्षरात लिहिलं : नाही पाहिले.

तो नकाशा मी ऑफिसात नेला नाही. दुसरी प्रत काढली.

मग दिल्लीचे लोक पाहणीला आले. दोन गाड्या, सहा माणसं, बरोबर आमचे साहेब आणि साहेबांच्या मागे मी. नेमकी बाराची वेळ. मुख्य पाहुणे हात जोडून पुढे झाले, "नमस्ते जी," आणि बाईंचा तळवा वर. भर उन्हात सहा अधिकारी तीन मिनिटं गप्प उभे. एकाच्या टकलावरून घाम नाकापर्यंत आलेला मी पाहिला. पुसायची त्याची हिंमत झाली नाही. मला वाटलं नोकरी गेली. पण पाहुणे खूश झाले. म्हणाले, यंत्र फिरताना फोटो काढा, अहवालात टाकू.

वारा शून्य होता. केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. बाईंनी वहीत तसंच लिहिलं होतं : स्तब्ध. फोटोवाला खोळंबला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, ज्याला कोणी काही सांगितलंसुद्धा नव्हतं, पुढे होऊन बोटाने वाट्यांना टिचकी मारली. भिंगरी मस्त गरगरली. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या.

"शी!" ही सगळ्यांना ऐकू गेली.

गाड्या निघून गेल्यावर मी वही बघितली. बाराच्या आकड्यांपुढे शेरा होता : 'वाचनानंतर एका इसमाने हाताने फिरवले.'

"बाई, इसम काय? नाव तरी लिहायचं."

"नाव माणसाचं लिहितात," बाई म्हणाल्या, आणि मला ताकाचा पेला दिला. मीठ घातलेलं, जिरं घातलेलं, उत्तम ताक. रागावलेल्या माणसाच्या हातचं इतकं चांगलं ताक मी नंतर प्यायलो नाही. त्या दिवसापासून भाऊ मला हाक मारायचे, "काय हो इसम, जेवूनच जा."

भाऊंचं आणि बाईंचं कसं जमलं हे मला कळलेलं नाही. भाऊ म्हणजे चालताबोलता अंदाज. घड हातात तोलून वजन सांगायचे, ढग बघून दिवस. "आज पानं चिरणार," म्हणायचे आणि केळींना टेकू लावायला निघायचे; बाई गच्चीवरून आकडा ओरडून सांगायच्या. दोघांचं पटलं तर भाऊ म्हणायचे, "बघा, बाई पास झाल्या."

भाऊ श्रावणात गेले. मला कळलं ते चार दिवसांनी, वही आणायला गेलो तेव्हा. मी वहीत डोकं घातलं. भाऊ गेले त्या तारखेला सकाळी सहाचं वाचन होतं. बाराला लाल शाई : नाही पाहिले. संध्याकाळी सहाला, नाही पाहिले. कारण लिहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत कारण न लिहिलेल्या त्या दोनच ओळी. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा निळे आकडे.

गावात बोललं गेलं. नवरा जाऊन रात्र उलटली नाही आणि ही बया भिंगरीसमोर उभी. मला बाईंची एक नणंद फाटकातच म्हणाली, "तुमच्या त्या यंत्राने बाईमाणसाचं काळीज खाल्लं." बाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "वही नीट न्या. पावसाने शाई फुटते."

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी आराखडा एकदाचा छापायला निघाला. आणि तिथं घोटाळा झाला. आकडे गिळणारा जो प्रोग्राम परदेशातून आणला होता, त्याला रिकामी जागा चालत नव्हती. रिकामी जागा दिसली की अख्खं ठिकाण बाद. बाईंच्या वह्यांत, दहा वर्षांत मिळून, पाऊणशे तरी लाल ओळी. बाकीच्या किनाऱ्यावर एकही नाही. तिथले निरीक्षक शहाणे होते. ते महिनाअखेरीला एका बैठकीत बसून सगळा वारा लिहून टाकत.

"निर्मळ बाद होतंय," साहेब म्हणाले. "बाद झालं तर इकडच्या सगळ्या टाचण्या काढाव्या लागतील. तुझं ठिकाण आहे. बघ काहीतरी."

बघ काहीतरी. या दोन शब्दांवर आपल्याकडे धरणं बांधली गेली आहेत. मी वह्या घरी नेल्या. रविवार होता. बोळिंजच्या माझ्या बाल्कनीत खुर्ची टाकली, समोर चहा, दोरीवर टॉवेल. आणि भरायला बसलो. टॉवेल हलला की ताशी अकरा, जास्त हलला की चौदा, मध्येच चवीला एक सोळा. दिशा नैर्ऋत्य, थंडीत वायव्य. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून अधूनमधून नऊ. कलाकारी होती त्यात, खोटं कशाला बोलू. तारखा मी वाचत नव्हतो, फक्त लाल ओळी शोधत होतो. जेवायच्या आत संपवलं. बायकोने विचारलं, काय करताय? म्हटलं, राष्ट्राचं नियोजन.

प्रोग्रामने निर्मळ विनातक्रार गिळलं. साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, वसईच्या किनाऱ्याचे आकडे सगळ्यात स्वच्छ. माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

मूर्खपणाचा कळस यापुढेच आहे. छापलेला अहवाल आला, जाड, गुळगुळीत, मुखपृष्ठावर माझ्या टिचकीने फिरणारी भिंगरी. आत निर्मळच्या तक्त्याखाली छापलेलं : निरीक्षक, आणि पुढे बाईंचं पूर्ण नाव. मला वाटलं, बाईंना केवढा आनंद होईल! एक प्रत वर्तमानपत्रात गुंडाळली, पेढे घेतले आणि स्कूटर काढली.

बाईंनी चष्मा लावला. नाव पाहिलं. त्यावरून एकदा बोट फिरवलं. मी एवढंच सांगतो, की तेवढा वेळ त्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आधी पाहिलं नव्हतं. मग उठून आतून आपल्या वहीची कच्ची प्रत आणली. ती त्या ठेवत असतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आणि पेपर तपासायला बसल्यासारख्या तक्ता तपासायला बसल्या. मी पेढ्याचा खोका उघडून बसलो होतो.

त्यांनी दूध उतू गेलेला दिवस शोधला नाही. भाचीचं लग्न शोधलं नाही. सरळ श्रावणातलं ते पान काढलं.

"दुपारी बारा. नैर्ऋत्य, ताशी चौदा," बाईंनी वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बारा वाजता मी भाऊंच्या तोंडात पाणी घालत होते. गच्चीवर कोण होतं?"

मी पेढ्याचा खोका मिटायला लागलो.

"तुम्ही होतात?"

"नाही बाई."

"कुठं होतात?"

"बोळिंजला. पण तेव्हा नाही... नंतर. एका रविवारी." आणि मग मी सगळं सांगितलं. टॉवेलसकट. का सांगितलं माहीत नाही. चालू तासाला उभं केलेला मुलगा सांगतो तसं सांगितलं. रिकामी जागा प्रोग्रामला चालत नाही, हेही सांगितलं.

तेव्हा ती हलकी 'शी' आली. त्यांनी अहवाल मिटून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"एक तर ते आकडे काढा," बाई म्हणाल्या, "नाही तर माझं नाव काढा. दोन्ही एका पानावर नकोत."

"काढतो बाई."

"अंदाजे कधी?" इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

साहेबांना मी सांगितलं. खरंच सांगितलं, माझ्या शौर्याची नोंद एवढीच आहे. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "आकडे कसे काढणार? त्यावर पुढची तीन प्रकरणं उभी आहेत. नाव काढू. नावाला काय लागतं, एक पट्टी चिकटवली की झालं." आणि झालं. चारशे प्रतींवर चारशे पट्ट्या. पण प्रोग्रामसारखीच सरकारलाही रिकामी जागा चालत नाही; निरीक्षक कोणीतरी हवा. म्हणून पट्टीवर माझं नाव छापलं. दहा वर्षं रोज तीनदा उभं राहून ज्या बाईने वारा पाहिला ती गेली, आणि ज्याने टॉवेल पाहिला तो राहिला. मी हरकत घेतली का? बढतीचं पत्र त्याच आठवड्यात होतं. नाही घेतली.

अहवाल छापून झाल्यावर यंत्राचं काम संपलं. कंपनीची जीप जाऊन भिंगरी काढून घेऊन आली. मी गेलो नाही. 'साइटवर कामात आहे' असं सांगून ऑफिसात बसलो.

पुढे काही वर्षांनी नवीन साल घालून नवीन आराखडा निघाला. एका मोठ्या संस्थेतल्या तरुण मुलीचा मला फोन आला. "सर, निर्मळचे निरीक्षक तुम्हीच ना? तुमचे आकडे फारच सुंदर आहेत. एकही गॅप नाही! आम्ही तेच पायाला घेतोय." मी म्हटलं, एक दिवस थांबा. ठरवलं होतं, बाईंकडे जायचं, कच्च्या वह्या मागायच्या, त्या मुलीच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायचं, हा खरा वारा, लाल ओळींसकट. वाटेतल्या गास गावच्या शेतांतून जाताना मी ही वाक्यं स्कूटरवर मोठ्याने म्हणत होतो. एक म्हातारा सायकलवरून उतरून बघत राहिला.

पोचलो तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी. बाई जिना चढत होत्या, फार हळू, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. हातात वही. मी मागोमाग वर गेलो. पाइपाचा खुंट तेवढा उरला होता, वर गंज. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, घड्याळ पाहिलं, आणि माझी चाहूल लागताच मान न वळवता तळवा वर केला.

तीन मिनिटं. वाऱ्याने त्यांचा पदर आणि माझे उरलेले केस उडत होते. मग त्यांनी लाल पेन काढलं. मी खांद्यावरून पाहिलं. पानभर तीच ओळ, रोज तीनदा : 'नाही पाहिले. यंत्र नेले.' आधीच्या पानावर तीच. त्याच्या आधीच्या पानावरही. वहीत आता थोडीच पानं उरली होती.

"बोला," बाई म्हणाल्या.

माझं नाव त्या पट्टीवर होतं. खरी वही बाहेर आली की पहिला प्रश्न मला येणार होता. साहेबांच्या खुर्चीत आता मी बसत होतो. स्कूटरवर पाठ केलेली सगळी वाक्यं जिभेवर होती.

"काही नाही बाई," मी म्हटलं. "इकडून चाललो होतो. म्हटलं भेटून जावं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घडातलं कुजकं केळं काढताना भाऊ बघायचे तसं. त्यात राग नसायचा. 'शी' म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. म्हणाल्या नाहीत. वही पुन्हा उघडली, कठड्यावर टेकवली आणि आताच लिहिलेल्या ओळीपुढे शेरा लिहिला. मला वाचता यावा म्हणून वही थोडी माझ्या बाजूला वळवली.

'एक इसम आला होता. बोलला नाही.'